क्रूझवर मोबिलिटी स्कूटर न्यायची आहे? आधी टेप काढा, मग तिकीट

नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मोबिलिटी स्कूटर (लांब चालता न येणाऱ्यांसाठीची, बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) ५६ सेंटिमीटर रुंद होती आणि केबिनचं दार ५८ सेंटिमीटरचं. कागदावर दोन सेंटिमीटर उरत होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. जहाजावर गेल्यावर कळलं की दार बोळाच्या कडेला आहे, बोळ जेमतेम मीटरभराचा, आणि मीटरभर लांबीची स्कूटर त्यात काटकोनात वळतच नाही. पुढचे चार दिवस आम्ही ती दारात घडी करून उचलून आत घेत होतो. तिचं वजन २७ किलो. माझ्या नवऱ्याची कंबर त्या सहलीतून अजून परतलेली नाही.

त्यानंतर ओळखीपाळखीच्या बऱ्याच घरांना या कामात मदत केली. चुका ठरलेल्या असतात आणि त्या बहुतेक क्रमाच्या असतात. लोक आधी तिकीट काढतात, मग स्कूटर मोजतात, बॅटरीचा विचार विमानतळावर करतात आणि जहाज धक्क्याला लागणार की नाही हे बंदर समोर दिसल्यावर विचारतात. क्रम उलटा केला की निम्मी कटकट घरीच संपते.

हा लेख गुडघे, पाठ, पार्किन्सन, पक्षाघात अशा कारणांनी लांब चालता न येणाऱ्या, पण आधाराने उभं राहून दोन-चार पावलं टाकता येणाऱ्या माणसासाठी आहे. अजिबात उभं राहता येत नसेल तर तयारी वेगळी आणि बरीच जास्त लागते. उदाहरणं मुख्यतः सिंगापूरहून सुटणाऱ्या पेनांग-फुकेतच्या क्रूझची घेतली आहेत, कारण आपल्याकडचे टूरवाले बहुधा तिकडेच नेतात. मुलांनी अमेरिकेहून अलास्काचं किंवा युरोपातलं बुकिंग केलं असेल तरी पायऱ्या याच.

१. स्कूटर मोजा (बुकिंगच्या आधी)

कंपनीच्या माहितीपत्रकातली मापं घेऊ नका. त्यात आरसे, बास्केट आणि बाहेर आलेले हात धरलेले नसतात. स्कूटर जशी रोज वापरता तशी उभी करून हे लिहून काढा:

- सर्वांत रुंद जागची रुंदी (बहुतेक वेळा मागची चाकं किंवा सीटचे हात)
- पूर्ण लांबी, आणि घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची
- बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय वजन (घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग घडी केलेली स्कूटर उचलून, फरक म्हणजे स्कूटर)
- जमिनीपासून स्कूटरच्या पोटापर्यंतची, म्हणजे खालच्या बाजूपर्यंतची, उंची. ही उंबरे ओलांडताना कामी येते
- बॅटरीवरचं लेबल: व्होल्ट, अँपिअर-अवर, वॉट-अवर आणि प्रकार

लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढे हा फोटो निदान चार वेळा पाठवावा लागेल.

स्कूटर अजून घ्यायची असेल तर दोन शब्द. तीन चाकी कमी जागेत वळते, चार चाकी उतारावर आणि हलत्या डेकवर जास्त स्थिर राहते. जहाजासाठी मी घडीची चार चाकी घेईन, बॅटरी हाताने निघणारी आणि वजन तिशीच्या आत. दणकट, मोठ्या सीटची, लांब पल्ल्याची स्कूटर सोसायटीच्या रस्त्यावर छान असते. केबिनमध्ये ती पलंगाइतकी जागा खाते.

२. केबिन ठरवा, मगच तारीख

मोठ्या जहाजांवरच्या साध्या केबिनचं दार साधारण २२ ते २३ इंचांचं, म्हणजे ५६ ते ५८ सेंटिमीटरचं असतं. दिव्यांगांसाठीच्या केबिनचं दार ३२ इंचांचं, ८१ सेंटिमीटरचं. फरक दारापुरता नाही. त्या केबिनमध्ये वळायला मोकळी जागा असते, न्हाणीघराला उंबरा नसतो, शॉवरखाली बसायचं आसन आणि धरायला दांडे असतात. साध्या केबिनच्या न्हाणीघराला चांगला वीतभर उंबरा असू शकतो. माणूस स्कूटरवरून उतरून दोन पावलं चालत असेल, तरी रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत तो उंबरा ओलांडायचा आहे हे लक्षात ठेवा.

अडचण अशी की या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्या असतात आणि लवकर जातात. टूर कंपनीने घेतलेल्या गठ्ठ्यात त्या सहसा नसतातच. वेगळ्या मागाव्या लागतात. म्हणून तारीख, सवलत, बाल्कनी आणि सोबतची मंडळी ही सगळी चर्चा अशी केबिन मिळते आहे हे कळल्यावर करा.

एजंटला "स्कूटर चालते का?" असं विचारू नका. उत्तर "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" असंच येतं. आपल्याकडे "व्हीलचेअर मिळेल" याचा अर्थ बहुतेक वेळा बंदरावर आणि विमानतळावर ढकलायला माणूस मिळेल, एवढाच असतो. तुमची स्वतःची बॅटरीची स्कूटर जहाजावर, केबिनमध्ये ठेवायची आहे, हे त्या उत्तरात कुठेच नसतं. त्याऐवजी हे चार प्रश्न लेखी विचारा:

- या केबिनच्या दाराची मोकळी रुंदी किती?
- न्हाणीघराला उंबरा आहे का?
- बाल्कनीत जायला उतार आहे की पायरी?
- स्कूटर केबिनच्या आत ठेवून चार्ज करता येईल का?

> सावधान: "रात्री बाहेर बोळात लावू" हा बेत मनातून काढून टाका. बोळ हा आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता आहे. तिथे स्कूटर ठेवू देत नाहीत आणि ठेवली तर कर्मचारी उचलून नेतात.

साध्या केबिनवरच भागवायचं असेल तर दोन अटी: स्कूटर घडीची हवी, आणि ती दारात घडी करून आत घेणारा धडधाकट माणूस त्याच केबिनमध्ये राहायला हवा. शेजारच्या केबिनमधला मुलगा पुरत नाही. तो वरच्या डेकवर नाच बघत असतो.

३. क्रूझ कंपनीचा फॉर्म भरा

प्रत्येक मोठ्या कंपनीकडे विशेष गरजांचा फॉर्म असतो. बुकिंग झालं त्याच आठवड्यात तो भरा, एजंटकडून भरून घेतला तर त्याची प्रत मागा. त्यात स्कूटरची मापं, वजन, बॅटरीचा प्रकार, आणि माणूस पायऱ्या चढू शकतो का, हे खरंखरं लिहा. आपल्याकडे "तसे ते चालतात हो" असं लिहायची सवय आहे. फॉर्मवर अभिमान नको. सर्वांत वाईट दिवशी ते किती चालतात, ते लिहा.

पोचपावतीचा ईमेल छापून घ्या. चेक-इनच्या रांगेत फोनवर शोधत बसायला नको.

४. बंदरं तपासा: धक्का की टेंडर

माझ्या मते सर्वांत जास्त हिरमोड इथे होतो. सगळीच बंदरं जहाजाला कुशीत घेत नाहीत. काही ठिकाणी पाणी उथळ किंवा धक्का लहान असल्यामुळे जहाज दूर समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. जहाजाची शिडी आणि बोट दोन्ही हलत असतात आणि मधलं अंतर पाऊल टाकूनच ओलांडायचं असतं. बॅटरीची जड स्कूटर बहुतेक कंपन्या टेंडरमध्ये घेत नाहीत. घडीची साधी व्हीलचेअर कधी घेतात, कधी नाही. लाटा जास्त असल्या तर त्या वेळचा अधिकारी नाही म्हणतो आणि तो शब्द शेवटचा.

काही ठिकाणं:

- पेनांग: जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला जहाज लागतं. गँगवेवरून (जहाजातून धक्क्यावर उतरायच्या उतरत्या पुलावरून) स्कूटर थेट खाली.
- फुकेत: पातोंगच्या समोर नांगर टाकणाऱ्या जहाजांवरून टेंडरनेच जावं लागतं. काही जहाजं बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या खोल पाण्याच्या बंदराला लागतात. आपलं कोणतं, ते विचारा.
- लक्षद्वीप: मुंबईहून किंवा कोचीहून जाणारी मोठी जहाजं प्रवाळाच्या कडेबाहेर थांबतात आणि पुढे लहान होड्या. स्कूटरवाल्याने हा दिवस जहाजावरच धरावा.
- सँटोरिनी: आधी टेंडर, मग केबल कार किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या. गाढवांचा पर्याय मी इथे मोजत नाही.

वेळापत्रकात टेंडरच्या बंदरापुढे बहुतेक कंपन्या छोटी खूण किंवा तळटीप देतात. ती वाचा. पाच दिवसांच्या सहलीतली दोन्ही बंदरं टेंडरची निघाली, तर दुसरं जहाज बघा.

> तपासा: इथपर्यंत तुमच्याकडे लेखी असायला हव्यात तीन गोष्टी: दाराची रुंदी, स्कूटर केबिनमध्ये ठेवायची परवानगी, आणि प्रत्येक बंदरापुढे "धक्का" किंवा "टेंडर". तिन्ही असतील तरच पैसे भरा.

५. बॅटरी आणि विमान

जहाजापेक्षा विमानाचे नियम कडक आहेत आणि गोंधळही तिथेच होतो. गणित सोपं आहे:

व्होल्ट × अँपिअर-अवर = वॉट-अवर

२४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २४० वॉट-अवर. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०.

लिथियम बॅटरी हाताने काढता येत असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती काढून विमानाच्या केबिनमध्ये स्वतःजवळ न्यावी लागते. मर्यादा एका बॅटरीला ३०० वॉट-अवर. स्कूटर दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६० वॉट-अवरपर्यंत. म्हणजे वरच्या उदाहरणातली २४० आणि २८८ची जाईल, ३६०ची जाणार नाही. लिथियम बॅटरी आतच घट्ट बसवलेली असेल तर तो वेगळा प्रकार आहे आणि त्याचा निर्णय पूर्णपणे विमान कंपनी घेते. जुन्या पद्धतीची, न सांडणारी जेल बॅटरी असेल तर ती नीट बांधलेली आणि तारा सुरक्षित असतील तर सहसा स्कूटरमध्येच राहू देतात. पण अशी स्कूटर वजनाला फार.

कुठलीही बॅटरी असो, विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. भारतात मदतीची विनंती निदान ४८ तास आधी कळवायची असते, पण स्कूटरसाठी तेवढ्यावर थांबू नका. तिकीट काढल्या दिवशीच कॉल सेंटरला फोन करा, मग ईमेल, आणि बुकिंगमध्ये योग्य खूण पडली का ते विचारा. लिथियम बॅटरीच्या साधनासाठी ती खूण डब्ल्यूसीएलबी अशी असते, न सांडणाऱ्या बॅटरीसाठी डब्ल्यूसीबीडी. माणसासाठी वेगळी खूण: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, तर डब्ल्यूसीएचआर, जिनाही चढता येत नाही, तर डब्ल्यूसीएचएस, सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, तर डब्ल्यूसीएचसी. ही अक्षरं फोनवर स्वतः उच्चारली की समोरचा माणूस एकदम सरळ बसतो, हा माझा अनुभव आहे.

चूक नेहमीची: फक्त माणसाची खूण घातली जाते, स्कूटरची नाही. मग काउंटरवर "ही कुठून आली?" पासून सुरुवात.

सोबत ठेवायचे कागद:

- बॅटरीच्या लेबलचा मोठा छापील फोटो; लेबल पुसट असेल तर उत्पादकाचं पत्र
- बॅटरीच्या यूएन ३८.३ चाचणीचा, म्हणजे वाहतुकीतल्या सुरक्षिततेच्या चाचणीचा, गोषवारा (विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर मागा)
- विमान कंपनीच्या परवानगीचा ईमेल
- डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रमाणपत्र: आजार, आणि चालण्यासाठी स्कूटर आवश्यक आहे असं एक स्पष्ट वाक्य

शेवटच्या कागदाला सिंगापूरमुळे वजन आलं आहे. तिथल्या संसदेने २०२५ मध्ये कायदा बदलून पदपथांवर चालवायच्या अशा साधनांचा वेग ताशी १० वरून ६ किलोमीटरवर आणायचं आणि मोबिलिटी स्कूटरसाठी वैद्यकीय गरजेचं प्रमाणपत्र मागायचं ठरवलं. क्रूझच्या आधी-नंतर तिथे दोन दिवस फिरणार असाल, तर निघण्यापूर्वी तिथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहुण्यांसाठीचे ताजे नियम बघा आणि स्कूटरचा वेग कमी ठेवा.

विम्याबद्दल थोडक्यात. प्रवास विमा माणसाला असतो, स्कूटरला बहुतेक वेळा नसतो किंवा नावापुरता असतो. विमान कंपनीची सामानाबद्दलची जबाबदारी आंतरराष्ट्रीय करारानुसार माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर. स्कूटर त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी तिचं विशेष मूल्य जाहीर करता येतं. काउंटरवरच्याला हे माहीत नसेल. वरिष्ठाला बोलवायला सांगा.

६. घरी रंगीत तालीम

निघण्याच्या दोन आठवडे आधी एक संध्याकाळ काढा. भिंतीपासून एक मीटरवर दोन खुर्च्या ५८ सेंटिमीटरच्या फटीने ठेवा. भिंत आणि खुर्च्यांमधली जागा म्हणजे बोळ, फट म्हणजे दार. आता ज्यांची स्कूटर आहे त्यांनी स्वतः ती बोळातून फटीत घालून दाखवायची. जमलं नाही तर दारात उतरून घडी करायचा सराव करा, घड्याळ लावून. पहिल्या वेळी पाच मिनिटं लागतात, दहाव्या वेळी एक.

त्याच संध्याकाळी:

- लिफ्टमध्ये उलटं शिरायचा सराव. जहाजाच्या लिफ्टमध्ये आत वळायला जागा मिळेलच असं नाही, आणि सरळ शिरलेल्याला गर्दीकडे पाठ करून मागे यावं लागतं.
- वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवून चालवणं. जहाजावर ससा लागत नाही.
- बॅटरी काढणं, टोकांना चिकटपट्टी लावणं, पिशवीत ठेवणं.
- न्यूट्रलचा खटका कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत असणं.

> सावधान: न्यूट्रल केलं की स्कूटरचा ब्रेक सुटतो. ढकलणाऱ्याला सोपं जावं म्हणून उतारावर न्यूट्रल करणं ही सर्वांत धोक्याची चूक आहे. न्यूट्रल फक्त सपाट जमिनीवर, आणि शक्यतो माणूस खाली उतरलेला असताना.

आता एक कार्ड करा. स्कूटरचा फोटो, खटक्याकडे बाण, "इथून उचला" आणि "इथून उचलू नका" अशा खुणा, तुमचं नाव, फोन, उड्डाण क्रमांक. मजकूर इंग्रजीत, अक्षरं मोठी. लॅमिनेट करून हँडलच्या दांड्याला बांधा. सामान चढवणाऱ्याला तुमची स्कूटर मोडायची नसते. ती कशी ढकलायची ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ब्रेक लागलेली स्कूटर ओढत नेतो.

७. विमानतळाचा दिवस

टॅक्सीपासून सुरू करा. सीएनजी टॅक्सीच्या डिकीत सिलेंडर असतो आणि घडी केलेली स्कूटर त्यापुढे मावत नाही. गाडी बुक करतानाच विचारा, किंवा मागची सीट पाडता येणारी मोठी गाडी घ्या. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी तर नक्कीच.

विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. काउंटरवर दोन मागण्या ठेवा: स्कूटर विमानाच्या दारापर्यंत न्यायची आहे, आणि उतरल्यावर ती विमानाच्या दाराशीच परत हवी आहे. भारतातल्या विमानतळांवर बरेचदा स्कूटर काउंटरवरच घेतात आणि विमानतळाची व्हीलचेअर देतात. तसं झालं तर वाद फार ताणू नका, पण टॅगवर "विमानाच्या दाराशी परत" असं लिहून घ्या.

स्कूटर ताब्यातून जाण्यापूर्वी: किल्ली काढा, बास्केट-आरसे-सुटी गादी काढून हातातल्या पिशवीत टाका, बॅटरी काढा, चार बाजूंनी फोटो काढा. सुरक्षा तपासणीत बॅटरी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि कागदांची फाइल तिच्यावरच. विचारायच्या आधी फाइल दिसली की प्रश्न कमी होतात.

परदेशी उतरल्यावर स्कूटर हातात आली की तिथेच बॅटरी लावून दहा फूट चालवून बघा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या सामान कक्षात तक्रार नोंदवा आणि पीआयआर, म्हणजे त्या नोंदीचा, क्रमांक घ्या. लेखी दाव्याला सात दिवसांची मुदत असते. पण विमानतळावरची नोंद नसेल तर पुढे भांडणं अवघड.

आणि जहाज सुटायच्या दिवशी पोचू नका. निदान एक रात्र आधी. स्कूटर दुसऱ्या विमानाने आली किंवा एखादा भाग वाकला तर हाच एक दिवस हाताशी असतो.

८. जहाजावर चढणं

मोठ्या बॅगा बंदरावर हमालांकडे जातात आणि केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत पोचतात. चार्जर, औषधं, किल्ली, सुटी बॅटरी यांतलं काहीही त्या बॅगेत नको. चार्जर बॅगेत गेल्यामुळे पहिल्या संध्याकाळी स्कूटर निपचित पडलेली मी दोनदा पाहिली आहे.

सिंगापूर असो वा मुंबईचं बॅलार्ड पिअर, मुख्य रांगेत उभं राहू नका. मदत लागणाऱ्या प्रवाशांची रांग कुठे ते विचारा.

गँगवेचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. सकाळी सपाट वाटलेला दुपारी चांगलाच चढ झालेला असतो. चढताना कासवाच्या वेगात, मध्ये न थांबता, मागे एक माणूस. उतार फार वाटला तर माणसाने उतरून आधाराने चालावं आणि स्कूटर कर्मचाऱ्यांच्या मदतीने न्यावी. जहाजाचे कर्मचारी सहसा माणसाला उचलत नाहीत, त्या भरवशावर राहू नका.

९. केबिनमध्ये पहिला अर्धा तास

बॅगा उघडण्याआधी स्कूटरची जागा ठरवा. ती अशी हवी की रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि दारापर्यंत वाट मोकळी राहील. खुर्ची किंवा टीपॉय अडचण करत असेल तर केबिनच्या परिचारकाला बाहेर न्यायला सांगा, नेतात.

चार्जिंग. जहाजांवर बहुधा अमेरिकी चपट्या पिनांचं ११० व्होल्टचं आणि युरोपी दोन गोल पिनांचं २२० व्होल्टचं सॉकेट असतं. चार्जरवर "१००-२४०" लिहिलं असेल तर दोन्ही चालतील. आपली तीन जाड पिनांची टोपी यांतल्या कशातच बसत नाही, तेव्हा साधा अडॅप्टर आणा. सिंगापूरच्या हॉटेलात चौकोनी तीन पिनांचं, तो वेगळा.

एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवा. सर्ज प्रोटेक्शनवाले तर सगळीकडेच जप्त होतात, आणि काही कंपन्या आता कुठलाच बोर्ड आणू देत नाहीत. सॉकेट टेबलाशी आणि स्कूटर दाराशी असेल, तर परिचारकाकडे जहाजाची वायर मागा, किंवा बॅटरी काढून टेबलावर चार्जिंगला लावा. दुसरा उपाय जास्त सोयीचा.

काही जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय वीज चालू होत नाही. कार्ड काढून जेवायला गेलात आणि परत येऊन बॅटरी रिकामीच, असं होऊ नये म्हणून दहा मिनिटं कार्ड काढून चार्जरचा दिवा बघा.

१०. सुरक्षा कवायत

जहाज सुटण्यापूर्वी कवायत सक्तीची असते. बरेच लोक "नानांना कशाला दमवायचं" म्हणून त्यांना केबिनमध्ये झोपवतात. उलट त्यांनाच न्या. आपत्तीच्या वेळी लिफ्ट वापरायच्या नसतात आणि स्कूटर मागेच राहते. माणसाला जिन्यावरून न्यायला कर्मचारी खास खुर्ची घेऊन येतात. पण कोणत्या केबिनमध्ये यायचं, हे त्यांच्या यादीत असायला हवं. स्वागत कक्षात जाऊन विचारा: "आपत्तीच्या वेळी मदत लागणाऱ्यांच्या यादीत आमची केबिन आहे का?" फॉर्म भरला होता, म्हणून असेलच असं गृहीत धरू नका.

११. जहाजावरचे दिवस

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण जहाज हे आपल्या शहरांपेक्षा कितीतरी सोपं असतं. कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टकडे धावू नका, पंधरा मिनिटं बसा. नाट्यगृहात अर्धा तास आधी जा; स्कूटरवाल्यांच्या जागा मोजक्या असतात. बुफेत स्कूटर कडेला लावून एखाद्या कर्मचाऱ्याला ताट धरायला सांगा, गर्दीत एका हाताने चालवू नका. बाहेरच्या डेकवर जायच्या दारांना उंबरे असतात. उतार लावलेलं दार कुठलं ते पहिल्या दिवशी शोधून ठेवा आणि उंबरा तिरका नाही, सरळ ओलांडा.

समुद्र खवळला तर स्कूटर थांबवा, किल्ली काढा, आणि माणसाला खुर्चीवर बसवा. न्यूट्रलमध्ये राहिलेली स्कूटर रात्री केबिनभर फिरते.

१२. बंदरावर

धक्क्याच्या बंदरावर पहिल्या लोंढ्यात उतरू नका. तासाभराने गँगवे रिकामा मिळतो.

कंपनीची सहल घ्यायची तर "बसमध्ये स्कूटर जाते का?" एवढंच विचारून भागत नाही. स्कूटर खालच्या कप्प्यात जाते, पण माणसाला चार उंच पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्या किती, आणि उतरल्यावर जमीन कशी, हे विचारा. पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये दुकानांपुढचे झाकलेले ओटे सावलीचे आणि देखणे, पण दर दुकानाला त्यांची पातळी बदलते आणि कडेला उघडी गटारं. स्कूटरला तिथे रस्त्याच्या कडेनेच जावं लागतं. म्हणून सोबत एक माणूस पुढे, एक मागे.

बॅटरीचा हिशेब तिसऱ्या भागाचा ठेवा: एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक हातचा. चढ आणि जहाजाचे जाड गालिचे दोन्ही बॅटरी पितात. पाऊस आला तर हँडलवरच्या बटणांना हॉटेलातली प्लास्टिकची शॉवर कॅप घाला. यापेक्षा स्वस्त आणि नेमका उपाय मला सापडलेला नाही.

> तपासा: परतायची वेळ कुठल्या घड्याळाची? थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे असतं, आणि जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही. उतरताना दारावरच्या पाटीचा फोटो काढा.

टेंडरच्या दिवशी जहाजावर राहायचं ठरलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. जहाज रिकामं असतं, लिफ्ट मोकळ्या, आणि नानांनी त्या दिवशी सलग तीन तास पत्ते कुटले.

१३. उतरणं आणि परतीचा प्रवास

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. चार्जर पुन्हा त्यातच जातो, हे मी सांगायला नको. सकाळी मदत लागणाऱ्यांचा गट वेगळा उतरवतात. आदल्या दिवशी स्वागत कक्षात नाव द्या आणि भेटायची जागा विचारा. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.

विमानतळावर सातवी पायरी पुन्हा पहिल्यापासून. जाताना झालं म्हणजे येताना होईल असं नाही. परतीच्या उड्डाणाची खूण आणि परवानगी वेगळी तपासा.

घरी आल्यावर खारट हवेने धरलेला थर ओलसर फडक्याने पुसून काढा, चाकांमधली वाळू झटका, बोल्ट एकदा आवळून घ्या. पुढे महिनाभर स्कूटर वापरायची नसेल तर लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. निम्मी भरलेली, स्कूटरमधून काढून, कपाटात.